अनामिकेचं दुखणं

त्या दिवशी तिचं बोट टेबलाच्या कडेवर आपटलं आणि दुखलं नाही.

रक्तपेढीत रक्तदाब मोजायची दहा नवी यंत्रं आली होती. पुढच्या आठवड्यातल्या शिबिराआधी ती तपासून ठेवायची होती, आणि दुसऱ्या कुणाचा दंड हाताशी नव्हता म्हणून तिने स्वतःच्याच डाव्या दंडाला पट्टा गुंडाळला होता. रबरी फुगा दाबत काटा दोनशेवर न्यायचा, तो तिथे टिकतो का ते बघायचं, मग हवा सोडायची, आकडा लिहायचा, पुढचं यंत्र घ्यायचं. सातव्या यंत्राचा काटा दोनशेवर असताना पेन घरंगळलं. ते पकडायला ती वाकली आणि डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक, नेमकं नखाच्या बाजूने, स्टीलच्या कडेवर बसलं. खणकन आवाज झाला. तिचे डोळे मिटले, खांदे कानांपर्यंत गेले, खालचा ओठ दातांखाली आला. सात वर्षांत अंगाने जे जे शिकून ठेवलं होतं ते सगळं त्याने एका क्षणात करून टाकलं. आणि कळ आलीच नाही. ती तशीच अर्धवट वाकलेली, ओठ दातांत धरून, थांबून राहिली. काहीच नाही. बोट होतं, कड होती, आवाजही झाला होता. तिने डोळे उघडून बोटाकडे पाहिलं. पांढरट दिसत होतं, जरा परकं. मग सवयीने तिने पट्ट्याची किल्ली फिरवली, हवा फुस्सकन बाहेर गेली, काटा उतरत उतरत शून्यावर आला, आणि चार-पाच सेकंदांनी ती आली. नखाखालून निघाली, मनगटापर्यंत गेली, तिथून वळून परत आली, आणि नेहमीसारखीच जाताना डोळ्यांत पाणी ठेवून गेली.

तिला दुखल्याचं वाईट वाटलं नाही. तिला नवल वाटलं ते कळ उशिरा आल्याचं. सात वर्षांत ती कळ एकदाही उशिरा आली नव्हती.

सात वर्षांपूर्वी ते सुरू झालं तेव्हा तिला वाटलं होतं, फ्रीजच्या दारात बोट चेमटलं असेल. रक्ताच्या पिशव्या चार अंशांवर ठेवतात. दिवसातून पन्नास वेळा त्या फ्रीजमध्ये हात घालायचा, पिशवी उचलायची, फिरवून तिच्यावरचा गट आणि तारीख वाचायची. डाव्या हाताने उचलायची आणि उजव्या हाताने लिहायचं, ही तिची सवय. हळूहळू डावा हात आत जायला कुरकुरू लागला. पिशवी बोटाला लागली की आतून कुणीतरी नख उपटतंय असं व्हायचं. मग इतर गोष्टीही त्यात सामील झाल्या. नळाचं पाणी. सकाळचा वारा. शर्टाचं बटण. लिफ्टची बटणं ती कोपराने दाबायला शिकली. चादर अंगावर ओढताना तिचं एक बोट बाहेर उभं असायचं, वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीसारखं. बाहेरून काहीही दिसत नव्हतं. सूज नाही, लाली नाही, जखम नाही. नखाखाली एका बाजूला किंचित निळसर झाक होती, पण ती तिला एकटीलाच दिसायची, आणि खिडकीशी उभं राहून बघितलं तरच. 'हे बघ, इथे,' ती नवऱ्याला म्हणायची. तो बिचारा बोट हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघायचा आणि म्हणायचा, 'हं.' त्या 'हं'मध्ये हो किती आणि नाही किती, हे तिला कधी मोजता आलं नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. बोट साफ होतं. 'मान,' ते म्हणाले, 'तुम्ही दिवसभर मान खाली घालून काम करता.' मग मानेचा पट्टा. दुसऱ्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वांची बारा इंजेक्शनं दिली. तिसऱ्यांनी हाताला तारा लावून नसांतून वीज सोडली, कागदावर डोंगर-दऱ्या उमटल्या, आणि त्यांनी तो कागद अभिनंदनासारखा पुढे केला : सगळं उत्तम. चौथ्यांनी लग्नाची अंगठी काढून ठेवायला सांगितलं. पाचवे मनाचे डॉक्टर होते आणि या सगळ्यांत तेच सगळ्यांत मायाळू होते. त्यांनी बोटाकडे बघितलंच नाही, तिच्याकडे बघितलं, आणि विचारलं, 'हे दुखणं नसतं तर तुम्ही आज काय करत असता?' घरी येताना ती त्या प्रश्नाचा विचार करत राहिली. भांडी घासत असते, दुसरं काय. पण त्यांनी दिलेल्या बारीक गोळ्यांनी झोप चांगली लागायची, आणि झोपेत दुखत नाही म्हटल्यावर तिलाच शंका यायला लागली की आपण जागेपणी ते करत असू. ती स्वतःवर पाळत ठेवू लागली. गप्पांत रमलेली असताना दुखतं का? कुणी बघत नसताना दुखतं का? दुखायचं. पण पाळत ठेवणारीही तीच, आणि साक्ष देणारीही तीच. अशा साक्षीला तिच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत कुणी विचारलं नसतं. तिथला न्याय साधा होता. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्ताचा थेंब, शेजारी औषधाचा थेंब, काडीने दोन्ही कालवायचे, फरशी डोलवायची आणि दिव्याखाली धरायची. गुठळ्या झाल्या तर आहे, नाही झाल्या तर नाही. वीस वर्षं तिने याच न्यायाने माणसांचे गट ठरवले होते. 'दिसत नाही ते लिहायचं नाही,' असं ती शिकाऊ मुलींना सांगायची, आणि सांगताना तिचा डावा हात ॲप्रनच्या खिशात उबेला असायचा.

सातवं यंत्र बाजूला सारून तिने आठवं घेतलं. ते तपासायचं होतं हे निमित्त. तिने दार लोटलं, पट्टा गुंडाळला आणि डीप-फ्रीजरमधून एक बर्फाची पिशवी काढून मांडीवर ठेवली. मग वहीचं शेवटचं पान उघडून तिने सरळ रेघ मारली : डावीकडे दाब, उजवीकडे दुखणं. साठ : दुखतं. नव्वद : जास्तच दुखतं, ठणका. हे अनपेक्षित होतं. तिने शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. एकशे दहा : तसंच. एकशे साठ : थोडं थांबल्यावर कमी. दोनशे. ती थांबली. हात जड झाला, मुंग्या आल्या, बोटं फिकी पडली. तिने अनामिका बर्फावर ठेवली. गार वाटलं. दुसरं काही नाही. तिने बोट तिथेच दाबलं, मग जोरात दाबलं. काही नाही. तिने हवा सोडली, पाच मोजले, आणि खुर्चीतून जवळजवळ उडाली.

'काय चाललंय बाई?' दारातून नोंदणीवाले काका डोकावले. शिबिरांची नोंद ठेवणारे हे गृहस्थ निवृत्तीला आले होते आणि सगळ्यांच्या कामात नाक घालायचा त्यांना हक्क मिळालेला होता. 'बर्फ काय, पट्टा काय. भूत उतरवताय?'

'उतरतंय काका,' ती डोळे पुसत म्हणाली. 'पण परत चढतंय.'

'मग आणखी एकदा उतरवा. मी दारावर बसतो.'

ते खरंच स्टूल घेऊन दाराबाहेर बसले. तिने चार वेळा केलं. एकदा उजव्या हाताच्या अनामिकेवर केलं, तुलनेला. मग टेबलावरची टाचणी घेतली आणि तिचं डोकं नखावर एकेका जागी दाबत गेली, नकाशा काढणाऱ्यासारखी. टोकाशी काही नाही. उजव्या कडेला काही नाही. मध्यावर काही नाही. डावीकडे, मुळाजवळ, चंद्रकोरीच्या जरा वर— तिच्या तोंडून जो आवाज निघाला त्याने काका स्टुलावरून उठले. टाचणी केसाइतकी बाजूला सरकवली की काही नाही. परत तिथे आणली की तेच. तिने बॉलपेनने नखावर ठिपका दिला. सात वर्षं 'बोट दुखतं' म्हणत होती ती. बोट दुखत नव्हतंच. एक ठिपका दुखत होता.

वहीतलं पान बघत ती बराच वेळ बसली. मन खोटं बोलत असतं तर त्याला पट्ट्यावरचा आकडा कसा कळला असता? पहिल्या वेळी तर तिचं लक्षही नव्हतं. मन वाट बघत होतं, डोळे मिटून तयार होतं, आणि कळच आली नव्हती. म्हणजे कळ मनाच्या ताब्यातली नव्हती, रक्ताच्या ताब्यातली होती. रक्त थांबलं की ती थांबत होती. वीस वर्षं रक्ताशी काम करून ही गोष्ट तिला आज कळली, याचं तिला हसूच आलं, आणि त्या हसण्याच्या पाठोपाठ कुठूनतरी आत्या आली.

आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. ती लहान असताना आत्या दरवर्षी महिनाभर राहायला यायची आणि सकाळी सकाळी उजवा हात लोकरीच्या मोज्यात घालून बसायची. पायमोजाच तो, वडिलांचा जुना. 'आत्याचं दुखणं' हा घरातला एक विनोद होता. कुणी काम टाळलं की म्हणायचे, काय, आत्याचं दुखणं का? आत्याही हसायची, सगळ्यांबरोबर, जरा उशिरा. आपण तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या असू, तिला आठवलं. आपल्याला तेव्हाही गोष्टी तपासून बघायची खोड होती. मुंग्यांना मीठ आवडतं की साखर, मांजराला आरशात मांजर दिसतं का. एका दुपारी आत्या खुर्चीत डुलक्या घेत होती, मोजा गळून मांडीवर पडला होता, आणि आपण बर्फाचा खडा आणून तिच्या उघड्या बोटांवर ठेवला. झोपलेलं माणूस नाटक करू शकत नाही, असा तो हिशेब होता. आत्या जी ओरडली ती किंकाळी तिला आत्ता, या खोलीत, ट्यूबलाइटच्या गुणगुणण्याच्या वर स्पष्ट ऐकू आली. सगळे धावत आले. काय झालं ते कळल्यावर आधी आई रागावली आणि मग वडिलांचे धाकटे भाऊ हसायला लागले, मग वडील, मग सगळे. आपणही हसलो. आपल्याला उत्तर मिळालं होतं, चक्क मिळालं होतं, आणि सगळे हसले म्हणून आपण ते पुसून टाकलं.

त्या संध्याकाळी तिने आतेभावाला फोन लावला. आत्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. ख्यालीखुशाली झाल्यावर तिने विचारलं, 'आत्याचं कुठलं बोट दुखायचं रे?'

'आईचं?' तो विचारात पडला. 'हात दुखायचा तिचा. सगळाच बहुतेक.'

'सगळा नाही. कुठलं तरी एक बोट असेल. आठव ना.'

'अगं, कोण बघत होतं? ती कण्हायची एवढं आठवतंय. थंडीत जास्त. का गं?'

'काही नाही,' ती म्हणाली. 'सहज.' फोन ठेवल्यावर तिला वाटलं, एका माणसाचं एवढं मोठं दुखणं आणि त्याचा पत्ताही कुठे लिहिलेला नाही. आत्याला नक्की काय होतं हे आता कुणालाच कळणार नव्हतं. कदाचित संधिवात असेल. कदाचित. तिने 'कदाचित' हा शब्द दोन-तीन वेळा मनात उलटापालटा केला; त्याला कुठूनच पकडता येईना.

हाताच्या डॉक्टर गुरुवारी यायच्या. साठीच्या, बुटक्या, केस पोरासारखे कापलेल्या, आणि समोरचं माणूस कितीही वयाचं असो त्याला 'अगं', 'अरे' करणाऱ्या. रक्तपेढीच्या मागच्या इमारतीत त्यांना आठवड्यातून एक दिवस खोली मिळाली होती, तीही याच वर्षी. ती आत गेली तेव्हा तिने दुखतं वगैरे काही सांगितलं नाही. सरळ वही उघडून पुढे ठेवली.

डॉक्टरांनी वाचलं. चष्मा लावून पुन्हा वाचलं. 'नव्वदला जास्त दुखतं हे कुणी लिहिलं?'

'मी.'

'आणि प्रश्नचिन्ह?'

'मीच. त्याचा अर्थ लागला नाही.'

'अगं, नव्वदला रक्त आत येतं पण बाहेर जाऊ शकत नाही. तुंबतं. तुंबलं की दुखणारच. दोनशेला आतच येत नाही.' त्यांनी वही मिटली, लगेच परत उघडली. 'पस्तीस वर्षांत माझ्याकडे असा कागद घेऊन कुणी आलेलं नाही. किती वर्षं झाली?'

'सात.'

'आणि डोकं तपासून घ्यायला कितव्या वर्षी पाठवलं?'

'पाचव्या.'

'मग तुझं नशीब बरं. साधारण तिसऱ्या वर्षी पाठवतात.' त्यांनी टेबलावरची यू-पिन सरळ केली, तिचं बोट स्वतःच्या तळहातावर घेतलं आणि म्हणाल्या, 'एकदाच. मग परत नाही करणार.' पिनेचं टोक नखावरून असं फिरलं की जणू त्यांना पत्ता आधीच माहीत होता. ती किंचाळली. डॉक्टर खूश झाल्या. खरंच खूश झाल्या. तोंड उजळलं त्यांचं, आणि तिला ते मुळीच लागलं नाही. सात वर्षांत तिच्या किंचाळण्याने कुणाला काही कळलं होतं असं हे पहिल्यांदाच झालं.

मग त्यांनी कागदावर बोट काढून दाखवलं. बोटांच्या टोकांशी, नखांखाली, रक्तवाहिन्यांच्या अगदी बारीक गुंडाळ्या असतात. ऊब आणि गारठा सांभाळणं हे त्यांचं काम : थंडी वाजली की रक्त अडवायचं, उकडलं की सोडायचं. सगळ्यांना असतात, शेकड्यांनी. त्यातली एखादी उगाचच वाढते. का वाढते ते कुणाला ठाऊक नाही. गाठ होते तिची, ग्लोमस ट्यूमर म्हणतात.

'ट्यूमर,' ती म्हणाली.

'गाठ. साधी. अशा गाठी अंगात कुठेही होतात. चरबीच्या, नसांच्या, स्नायूंच्या. बहुतेक गरीब असतात बिचाऱ्या, कुठे पसरत नाहीत, काही नाही. ही त्यातली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत आगाऊ. काढल्यावर तपासायला पाठवायची ती पाठवूच. पण मी पैज लावायला तयार आहे.' 'एमआरआय करून घे. बारीक असली तर कधी कधी त्यातही दिसत नाही. नाही दिसली तरी मी उघडून बघणार, तुझा तक्ता आहे माझ्याकडे. पण आधीच सांगते, नखाखालची गादी कापावी लागेल. नख परत येईल, कदाचित थोडं वाकडं येईल. आणि कण जरी मागे राहिला तरी ती पुन्हा उगवू शकते.'

एमआरआयच्या नळीत ती हात डोक्यावर ताणून पालथी पडली होती. आत ठोकाठोक चालली होती, कुणीतरी शेजारच्या खोलीत पलंग जोडतंय तशी. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती कसली आहे हे ती त्या आवाजात शांतपणे तपासत राहिली. गाठ असेल याची नव्हती. नसेल याची होती. तो करडा फोटो येईल आणि त्यात बोट साफ असेल. साफ हाडं, साफ मांस. डॉक्टर म्हणाल्या होत्या तरीही उघडून बघीन, पण उघडल्यावरही काही नसेल तर? मग वहीतलं पान कुणाचं? आपल्या अंगात काही निघावं म्हणून आपण इथे प्रार्थना करत पडलोय, ही गोष्ट बाहेर कुणाला सांगायची सोय नाही असं तिला वाटलं. नवरा बाहेर बाकावर बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सुट्टी काढून आला होता आणि येताना तिचा स्वेटर, शाल आणि हातमोजा असं सगळं घेऊन आला होता, न सांगता. तो तसाच होता. पहिल्या वर्षीच त्याने भांडी आणि कपडे आपल्याकडे घेतले होते, काही न बोलता, आणि कधी एका शब्दाने ऐकवलं नव्हतं. त्याच्या आईने एकदा फोनवर काहीतरी विचारलं तेव्हा त्याचं उत्तर तिने स्वयंपाकघरातून ऐकलं होतं : 'दुखतं गं तिला. दुखतं म्हणजे दुखतं.' कित्येक दिवस तिने ते वाक्य उबेसारखं जवळ बाळगलं होतं.

फोटोत एक पांढरा ठिपका होता. चार मिलिमीटर. तिने बॉलपेनने दिलेल्या ठिपक्याच्या बरोब्बर खाली. तो ठिपका दाखवताना फोटो वाचणारे डॉक्टर काहीतरी सांगत होते आणि ती मान हलवत होती, पण तिला ऐकू येत नव्हतं. ती त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. डॉक्टर घाईघाईने म्हणाले, 'घाबरू नका, साधी गाठ आहे.' 'घाबरले नाहीये,' ती म्हणाली. 'खूप छान दिसतेय.'

शस्त्रक्रिया तासाभराची होती. बोटाच्या मुळाशी दोन इंजेक्शनं देऊन बोट बधिर केलं, रबराची बारीक नळी आवळून रक्त थांबवलं. हात हिरव्या कापडाच्या पलीकडे गेला. तिने कापड खाली करायची विनंती केली. 'चक्कर आली तर?' सिस्टर म्हणाली. 'रक्तपेढीची आहे ती,' हाताच्या डॉक्टर भिंग डोळ्यांवर ओढत म्हणाल्या, 'करा खाली.' मग तिने पाहिलं. नख पुस्तकाच्या पानासारखं उचलून बाजूला ठेवलं. त्याखालची गुलाबी गादी, जी माणूस आयुष्यात कधी बघत नाही, ती बारीक पात्याने उभी चिरली. कड जरा बाजूला झाली आणि आत एक मणी दिसला. करडा-गुलाबी, अर्धवट पारदर्शक, गुळगुळीत. टाचणीच्या डोक्याहून मोठा म्हणायचा, पण फार नाही. डॉक्टरांनी तो भोवतालचं काही न फाडता, चिमट्याच्या टोकाने सोडवत सोडवत बाहेर काढला, अख्खा, आणि वाटीत ठेवला.

'एवढंच?' ती म्हणाली.

'एवढंच. म्हणून तर सापडत नाही.' त्यांनी वाटी तिच्याजवळ धरली. 'बघून घे. सात वर्षं घरभाडं न देता राहिली.'

ती बघत राहिली. राग येईल असं तिला वाटलं होतं, निदान सुटल्यासारखं तरी. पण तिला फक्त पाहावंसं वाटत होतं. हा मणी थंडी ओळखत होता. त्याला जे काम नेमून दिलेलं होतं तेच तो करत होता, फक्त फार मोठ्याने. केसाहून बारीक धाग्याने गादी शिवून तिचंच नख तिच्यावर झाकण म्हणून परत बसवेपर्यंत ती वाटीकडे वळून वळून बघत होती.

आठवड्याने तपासणीचा अहवाल आला. सौम्य, पूर्ण काढलेली, कडा स्वच्छ. तिचं तेवढ्यावर भागलं नाही. वरच्या मजल्यावर पेशी तपासणाऱ्या डॉक्टर होत्या, तिच्या ओळखीच्या. त्यांच्या दोन जणांनी मिळून बघायच्या सूक्ष्मदर्शकावर तिने आपल्या गाठीचा काप असलेली काच लावून घेतली. जांभळ्या ठिपक्यांच्या गोल गोल पेशी, सगळ्या सारख्या, बारीक रक्तवाहिन्यांभोवती दाटीने उभ्या होत्या. 'बघ, किती शहाण्या आहेत,' पेशींच्या डॉक्टर म्हणाल्या. 'एकसुद्धा वेडीवाकडी नाही.' ती भिंगाला डोळे लावून बसली होती. तिच्या डोक्यात आलं, आत्याची अशी काच कुठेच नाही. तिने काचेवरचा क्रमांक वहीत उतरवून घेतला, कशाला ते तिलाही सांगता आलं नसतं.

पुढे तीन-चार आठवडे जपण्यात गेले. टाके विरघळले, पट्टी निघाली. जुनं नख एक दिवस आपोआप गळालं आणि खाली नव्याची कोवळी चंद्रकोर दिसू लागली. कामावर परत आल्यावर पहिला दिवस तिने उजव्या हातानेच सगळं उरकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, कुणी नसताना, तिने फ्रीज उघडला आणि डावा हात आत घातला. खांदे वर चढले, डोळे मिटले. अंगाने आपला जुना धडा पुन्हा म्हणून दाखवला. तिने पिशवी उचलली. गार होती. फक्त गार. पिशवीतलं रक्त बोटांखाली जडसर हलत होतं, आणि तो गारवा हळूहळू, टप्प्याटप्प्याने कातडीत उतरत होता, आधी ओला वाटणारा, मग घट्ट, मग जवळजवळ गोड. गारवा असा असतो हे ती साफ विसरून गेली होती. तिने एकेक करून सगळ्या कप्प्यांतल्या पिशव्यांना हात लावला. नोंदणीवाले काका दारात येऊन उभे राहिले, त्यांनी पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता निघून गेले.

घरी आली तेव्हा नवरा मोरीशी उभा होता. सकाळची भांडी साबणात पडली होती. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्याला कोपराने ढोसून म्हणाली, 'सरक. आजपासून मी.'

'टाके—'

'कधीच गेले. सरक.'

तो सरकला नाही. हातातलं पातेलं तसंच धरून नळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'एक सांगू?'

'सांग.'

'रागावशील.'

'सांगितल्यावर बघू.'

'मला ते कधी खरं वाटलं नव्हतं.'

नळ बारीक चालू होता. तिला आधी कळलंच नाही, मग कळलं, मग वाटलं आपण चुकीचं ऐकलं. 'काय खरं वाटलं नव्हतं?'

'बोटाचं. म्हणजे तू खोटं बोलतेस असं नाही. पण काही असेल असं नाही वाटलं. त्या फोटोत तो ठिपका दिसला ना, तुझ्यापेक्षा मलाच जास्त धक्का बसला. तेव्हापासून सांगायचं चाललंय.'

'कधीपासून? म्हणजे खरं वाटत नव्हतं ते कधीपासून?'

'पहिल्यापासून.'

दुखतं म्हणजे दुखतं. ते वाक्य कुठेतरी खाली पडल्याचा आवाज तिला ऐकू आला. राग येत होता, येत होता हे खरं. पण तो पोचायच्या आधी दुसरंच काहीतरी वाट अडवून उभं राहिलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, एका भुवईवर फेस. सोळा वर्षांचा संसार आणि हा माणूस आज कुणीतरी नवाच समोर उभा होता.

'मग भांडी का घासत होतास?'

'तू म्हणायचीस दुखतं म्हणून.'

'पण तुला खरं वाटत नव्हतं.'

'नव्हतं.'

'मग?'

पातेलं त्याने उगाच एकदा विसळलं. 'लोक फोन करतात, लिफ्टमधून आवाज येतो,' तो म्हणाला. 'मी जातो. वर-खाली दहा वेळा फिरतो, कान लावतो. मला नाही येत ऐकू. पण ते म्हणतात ना येतो. मग मी तेल घालून येतो. त्यांना झोप लागते.' आणि पातेलं पालथं घालत, 'मला खरं वाटायलाच पाहिजे असं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.'

खरं वाटून हसणारी माणसं तिने पाहिली होती. आत्याच्या बोटांवर बर्फ ठेवला त्या दुपारी ती स्वतःच त्यातली एक होती. खरं न वाटता सात वर्षं राबणारं माणूस कुठल्या गटात घालायचं, हे तिला ठरवता येईना. तिने नळ बंद केला. तेव्हा तिला त्याचे हात दिसले. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलवटलेली होती, अंगठ्याच्या मुळाशी दोन खोल चिरा होत्या, कडा पांढऱ्या पडलेल्या, साबण आत शिरलेला. ते आजचं नव्हतं. काही चिरांवर जुन्या चिरांच्या रेघा होत्या. तिने त्याचा हात ओढून दिव्याखाली घेतला.

'हे केव्हापासून आहे?'

'असतंच ते. साबणाने होतं.'

'दुखतं?'

'छे,' तो म्हणाला.

तिला खरं वाटलं नाही. तिने आपली अनामिका त्या चिरेच्या कडेला ठेवली आणि अगदी हलके, केसाकेसाने सरकवत, दाबायला सुरुवात केली.